इंजिन रात्री एक चाल सांगतं, सकाळी दुसरी

"अरे, हे परत बदललं."

सकाळी साडेसातला वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून काकांचा फोन आला की पहिलं वाक्य हेच असतं. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी बुद्धिबळाच्या पटावरची स्थिती इंजिनला, म्हणजे चाली सुचवणाऱ्या प्रोग्रॅमला, लावलेली असते. तेव्हा ते म्हणतं हत्तीची मारामारी, म्हणजे अदलाबदल, करा, आकडा अधिक १.२ (अधिक म्हणजे पांढऱ्याची सरशी). पहाटे उठून तीच स्थिती पुन्हा लावली की ते म्हणतं उंट मागे घ्या, अधिक ०.५. फोनवर बघितलं तर तिसरीच चाल. काकांना वाटायचं की प्रोग्रॅम बिघडला. त्यांनी तो दोनदा काढून पुन्हा टाकला. फरक पडला नाही.

काका पत्रव्यवहाराने बुद्धिबळ खेळतात. पूर्वी पोस्टकार्डांवर, आता आयसीसीएफ या पत्रव्यवहार बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सर्व्हरवर. आयसीसीएफच्या डावांत इंजिनची मदत घ्यायला नियमाने परवानगी आहे. समोरासमोरच्या किंवा इतर ऑनलाइन चालू डावात ती नसते, हे नव्या मुलांसाठी सांगून ठेवतो. १० चालींना ५० दिवस अशी मुदत असली की एका चालीवर चार दिवस बसता येतं. पण चार दिवस बसून चार वेगळी उत्तरं मिळत असतील तर बसायचं कशासाठी? मागच्या वर्षी असाच एक जिंकत आलेला डाव त्यांच्या हातून बरोबरीत गेला, आणि तो त्यांना फार लागला.

मी कारेलीबागेत राहतो. तीन रविवार सकाळी सेव उसळ घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि दोघांनी मिळून हा गुंता सोडवला. कारण एक नव्हतं, चार-पाच गोष्टी एकावर एक साचल्या होत्या. हीच तक्रार मला शाळकरी मुलांच्या पालकांकडूनही ऐकू येते, म्हणून ज्या क्रमाने आम्ही तपासलं त्याच क्रमाने लिहितो.

आधी पट तपासा

हे सगळ्यात सोपं, आणि बहुतेक जण याच्याकडे बघतच नाहीत. काका लाकडी पटावरची स्थिती बघून स्क्रीनवर एकेक मोहरा हाताने ठेवायचे. मोहरे बरोबर बसायचे, पण स्थिती म्हणजे नुसते मोहरे नव्हेत. इंजिनला स्थिती देताना जी एक ओळ जाते, जिला एफईएन म्हणतात, तिचे सहा भाग असतात: मोहरे कुठे आहेत, चाल कोणाची, कॅसलिंगचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क कोणाकडे कोणत्या बाजूला शिल्लक आहे, प्यादं आँपासाँने (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने जाता जाता) मारता येईल असं घर आहे का, प्यादं न हलता आणि मारामारी न होता किती अर्ध्या चाली (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धी) झाल्या, आणि कितवी चाल चालू आहे. हाताने मांडताना शेवटचे चार भाग तसेच राहून जातात.

काकांच्या एका सिसिलियन सुरुवातीच्या डावात पांढऱ्याचं कॅसलिंग बाकी होतं, आणि स्क्रीनवरचा कॅसलिंगचा चौकोन रिकामा होता. इंजिन दोन दिवस राजा मधोमध ठेवूनच विचार करत होतं. म्हणून ते काळ्याला बरं म्हणत होतं, आणि काका घाबरून बचावाच्या चाली शोधत होते. चौकोनात खूण केली आणि आकडा लगेच पांढऱ्याच्या बाजूला आला.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. एफईएनमध्ये मागचा इतिहास नसतो. तीच स्थिती डावात आधी दोनदा येऊन गेली असेल तर तिसऱ्यांदा आल्यावर समोरचा बरोबरी मागू शकतो, पण इंजिनला ते ठाऊकच नसतं. ते खुशाल अधिक ३ दाखवत तीच स्थिती पुन्हा आणणारी चाल सुचवू शकतं.

उपाय असा की मोहरे मांडूच नका. डाव पहिल्या चालीपासून पीजीएन, म्हणजे सगळ्या चालींची क्रमवार नोंद, म्हणून भरा आणि त्या चालीपर्यंत चालत या. मग कॅसलिंग, आँपासाँ, ५० चालींचा हिशेब (तेवढ्या चालींत प्यादं हललं नाही आणि मारामारी झाली नाही तर बरोबरी मागता येते) आणि पुनरावृत्ती हे सगळं प्रोग्रॅम आपोआप इंजिनला कळवतो. काकांना सुरुवातीला हे टंकायचा कंटाळा होता. आता त्यांचे सगळे चालू डाव एका फाइलीत आहेत.

इंजिन पूर्ण ताकदीने चालतं आहे का

काकांच्या लॅपटॉपवर स्टॉकफिश होतं. जगातलं सगळ्यात ताकदवान इंजिन, फुकट मिळतं, तरी आकडे पोरकट येत होते. सेटिंग उघडल्यावर कळलं की दिवाळीच्या सुटीत नातू त्याच्याशी खेळला होता आणि त्याने स्किल लेव्हल २० वरून ५ वर आणली होती. ती तशीच राहिली. या पातळीवर इंजिन मुद्दाम कमजोर चाली निवडतं. ती खूण परत २० वर आणा, आणि ताकदीवर मर्यादा घालणारा किंवा एलो, म्हणजे रेटिंग, ठरवणारा पर्याय असेल तर तोही बंद करा. घरात मुलं असतील तर मी पहिल्यांदा इथेच बघेन. खेळायला एक इंजिन आणि विश्लेषणाला दुसरं, अशी एकाच प्रोग्रॅमची दोन नावांनी नोंद करून ठेवली की प्रश्न मिटतो.

मग थ्रेड्स आणि हॅश. स्टॉकफिश मुळात १ थ्रेड आणि १६ एमबी हॅश घेऊन उघडतं. ते जुन्यात जुन्या संगणकावरही चालावं म्हणून तसं ठेवलेलं आहे, गंभीर विश्लेषणासाठी नव्हे. थ्रेड्स म्हणजे प्रोसेसरचे किती गाभे कामाला लावायचे. काकांच्या लॅपटॉपला चार आहेत, त्यातले तीन इंजिनला दिले आणि एक बाकीच्या कामाला ठेवला.

हॅश ही इंजिनची वही समजा. तपासलेली प्रत्येक स्थिती ते तिथे टिपून ठेवतं आणि दुसऱ्या वाटेने तीच स्थिती आली की पुन्हा मोजत बसत नाही. वही १६ एमबीची असेल तर काही सेकंदांत भरते, मग जुनी पानं पुसून नवं लिहिलं जातं. रात्रभर मेहनत करूनही हाती थोडंच राहतं. काकांकडे ८ जीबी रॅम आहे, त्यातले २ जीबी हॅशला दिले. ८ च्या ८ देऊ नका. रॅम संपली की संगणक डिस्कवर लिहायला लागतो आणि सगळं रखडतं. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये हॅश किती भरला हे हजारात दिसतं. तो आकडा काही मिनिटांत १००० ला टेकत असेल तर वही लहान पडते आहे.

फाइल कोणती उतरवली हेही बघा. स्टॉकफिश वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी वेगवेगळ्या फायली देतं. एव्हीएक्स२ किंवा बीएमआय२ असं नावात असलेली फाइल गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक संगणकांवर चालते आणि साध्या फाइलीपेक्षा बरीच वेगवान असते. प्रोसेसर जुना असेल तर ती उघडताच बंद पडते. मग एक पायरी खालची घ्या.

आता आपल्या गावाची गोष्ट. मे महिन्यात वडोदऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि काका लॅपटॉप गादीवर ठेवून बसायचे. खालून हवा जायला वाटच नाही. इंजिन सेकंदाला किती स्थिती तपासतं, तो नोड्सचा आकडा कोपऱ्यात दिसत असतो. सुरू केल्यावर तो वीस लाखांच्या वर होता, वीस मिनिटांनी पाहिलं तर जवळपास निम्म्यावर. प्रोसेसर तापला की स्वतःला जपायला वेग कमी करतो. लॅपटॉप टेबलावर आणला, खाली दोन लाकडी पट्ट्या दिल्या, चार्जर लावून ठेवला आणि वेग टिकला. फोनवर हाच त्रास फार लवकर होतो. म्हणून तासभर चालणारं विश्लेषण फोनवर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ब्राउझरमधलं इंजिनही चुका शोधायला उत्तम, पण त्याला मिळणारी मेमरी मर्यादित असते. अवघड स्थितीवर रात्रभर बसायला संगणकावर टाकलेलं इंजिनच हवं.

सगळं नीट असूनही उत्तर बदलतं, ते का

हे समजल्यावर काकांची निम्मी चिंता गेली. एकाहून जास्त थ्रेड्स असले की ते सगळे एकाच स्थितीत एकाच वेळी शोध घेतात आणि त्या एका वहीत लिहितात. कोणता थ्रेड कुठे आधी पोचला यावर पुढचा शोध थोडा वेगळा वळतो. म्हणून तोच संगणक, तेच इंजिन, तोच वेळ देऊनही दोन वेळा तंतोतंत तेच उत्तर येईल असं नाही. बिघाड आहे का हे पडताळायचं असेल तर १ थ्रेड ठेवा, हॅश पुसा आणि वेळेऐवजी नोड्सची ठरावीक संख्या द्या. दोन्ही वेळा उत्तर सारखंच यायला हवं. ते आलं की इंजिन ठीक आहे असं समजा आणि थ्रेड्स परत वाढवा.

आकड्याचा अर्थही बदलला आहे, आणि जुन्या खेळाडूंना हे कोणी सांगितलेलं नसतं. पूर्वी अधिक १ म्हणजे एका प्याद्याएवढी सरशी असं मानायचे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून अधिक १ चा अर्थ असा ठरवला आहे की तेवढ्याच ताकदीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के. म्हणजे अधिक ०.५ आणि अधिक १.२ यांत मोठं अंतर आहे: एकात बहुधा बरोबरी, दुसऱ्यात जिंकण्याकडे झुकलेलं पारडं. प्रोग्रॅममध्ये जय, बरोबरी, पराजय यांची शक्यता वेगवेगळी दाखवायची सोय असेल तर ती चालू करा. काकांना ते तीन आकडे एका आकड्यापेक्षा जास्त बोलके वाटतात.

खोलीच्या आकड्यावर मात्र भाळू नका. खोली ३० म्हणजे प्रत्येक वाट ३० अर्ध्या चालींपर्यंत तपासली असं नसतं. आश्वासक वाटणाऱ्या चाली त्याहून खोल जातात आणि पहिल्या नजरेत वाईट दिसणाऱ्या पुष्कळ आधी सोडून दिल्या जातात. दोन वेगळ्या इंजिनांच्या खोलीची तुलना तर करूच नये.

खरं काम: चालत जा आणि परत या

आता काकांच्या त्या स्थितीकडे येतो. दोघांकडे एकेक हत्ती, विरुद्ध रंगांच्या घरांवरचे उंट, आणि काकांकडे, म्हणजे पांढऱ्याकडे, एक प्यादं जास्त. इंजिन पहिल्या ओळीत हत्तींची मारामारी सुचवत होतं.

काका तोवर इंजिन सुरू करून झोपायला जायचे आणि सकाळी वरची एक ओळ वाचायचे. इतका मोठा हॅश आणि इतका वेळ असा वाया जातो. मुळातल्या स्थितीवर दहा तास देण्यापेक्षा तेच दहा तास पुढच्या वाटांवर वाटून दिले तर पुष्कळ जास्त कळतं. आम्ही असं केलं.

आधी मल्टीपीव्ही ३ ठेवून, म्हणजे पहिल्या तीन चाली एकदम दाखवायला सांगून, पंधरा मिनिटं दिली. तिन्ही चाली वहीत लिहिल्या. यात इंजिनची ताकद तीन ठिकाणी वाटली जाते, म्हणून यादी हाती आल्यावर मल्टीपीव्ही परत १ वर आणला. मग पहिली चाल पटावर खेळली, काळ्याचं उत्तर इंजिनकडून घेतलं, ते खेळलं, पुन्हा दहा मिनिटं. असं करत ओळीच्या टोकापर्यंत गेलो. तिथून एकेक चाल मागे घेत, प्रत्येक थांब्यावर दोन-तीन मिनिटं थांबत, मूळ स्थितीला परत आलो. पुढे जाताना सापडलेलं सगळं हॅशमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळे मागे येताना इंजिन ते वाचत येतं आणि मूळ स्थितीचं मत सुधारतं. मधेच हॅश पुसू नका, प्रोग्रॅम बंद करू नका, नाहीतर हे सगळं पुन्हा.

हत्ती गेल्यावर काय झालं? आकडा अधिक १.२ च्या आसपास राहिला. दहा चाली पुढे गेलो, तेवढाच. वीस चाली पुढे, तेवढाच. पांढरा राजा इकडून तिकडे फिरत होता आणि काळा उंट एका कर्णावर बसून दोन्ही प्यादी अडवत होता. ही गढी. आत शिरायला वाटच नाही, पण इंजिन जास्तीचं प्यादं मोजतं आणि बरं आहे म्हणत राहतं. २०१७ मध्ये पेनरोझ इन्स्टिट्यूटने एक स्थिती प्रसिद्ध केली होती, काळ्याचे तिन्ही उंट एकाच रंगाच्या घरांवर असलेली. त्या वेळची इंजिनं काळा सहज जिंकतो म्हणत होती आणि साधा खेळाडू बघून सांगत होता की पांढऱ्याने स्वस्थ राहिलं की बरोबरी. गढी ओळखायची खूण हीच: ओळीवर पुढे जाताना आकडा वाढत नाही आणि प्यादी हलत नाहीत. जिथे खरी सरशी असते तिथे पुढे चालत गेलं की आकडा चढत जातो.

मग आम्ही हत्तींची मारामारी बाजूला ठेवली. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये एखादी चाल वगळून पुढची सांग अशी सोय असते. नसली तर हवी ती चाल हाताने खेळून विचारा. काकांनी हत्ती सातव्या ओळीकडे न्यायची चाल सुचवली. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणीच शिकवलं होतं की विरुद्ध रंगाचे उंट असताना वरचढ बाजूने हत्ती सोडायचे नाहीत. ती चाल खेळल्यावर आकडा सुरुवातीला अधिक ०.७ आला, म्हणजे आधीपेक्षा कमी. चार चाली पुढे गेल्यावर ०.९. आठ चालींवर १.५. काळा राजा कोंडला जात होता आणि त्याच्या उंटाला विरुद्ध रंगाची घरं राखता येत नव्हती. मागे चालत मूळ स्थितीला आलो तेव्हा इंजिनने स्वतःच ती चाल वर आणून ठेवली होती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा असायला हवे होते."

हाताने चाल खेळून विचारणं एवढं महत्त्वाचं का, याचं नावाजलेलं उदाहरण १९९८ च्या लिनारेस स्पर्धेतलं. ग्रँडमास्टर तोपालोव्हविरुद्ध ग्रँडमास्टर शिरोव्हने काळ्याकडून ४७ व्या चालीला विरुद्ध रंगाच्या उंटांच्या अंत्यखेळात आपला उंट एच३ वर सरळ देऊन टाकला, फक्त राजाला मध्यभागी पोचायला एक चाल मिळावी म्हणून. तेव्हाच्या इंजिनांना ती सुचत नव्हती, कारण शह किंवा मारामारी न करता मोहरा देणारी चाल शोधातून लवकर छाटली जाते. पटावर ती चाल खेळून दाखवली की मात्र पुढचं गणित इंजिनला दिसायला लागतं. तुमच्या मनात एखादी वेडीवाकडी चाल येत असेल तर ती यादीत नाही म्हणून सोडू नका. खेळा आणि दहा मिनिटं द्या.

धमकी बघायची सोयही वापरा. समोरच्याला लागोपाठ दोन चाली दिल्या तर तो काय करेल हे ती दाखवते. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर विश्लेषणाच्या पटावर एक्स हे बटण दाबलं की ती दिसते. शह चालू असताना ती चालत नाही, आणि जिथे चाल करणंच महागात पडतं अशा झुगझ्वांगच्या स्थितीत ती फसवते, एवढं लक्षात ठेवा.

मोहरे कमी उरले की

राजे धरून पटावर ७ किंवा कमी मोहरे असतील तर अंदाज कशाला? सिझिगी नावाचे अंत्यखेळाचे तक्ते रोनाल्ड द मान यांनी तयार केले, त्यात प्रत्येक स्थितीचं अचूक उत्तर आहे, ५० चालींचा नियम धरून. ५ मोहऱ्यांपर्यंतचे तक्ते साधारण १ जीबीत मावतात, ते काकांच्या लॅपटॉपवर टाकून इंजिनला त्यांची जागा दाखवून दिली. ६ मोहऱ्यांचे जवळजवळ १५० जीबी होतात, ते ठेवायचे तर एसएसडीवरच ठेवा, फिरत्या डिस्कवर इंजिन अडखळतं. ७ चे तर कित्येक टीबी, ते घरी कोणी ठेवत नाही, पण लिचेसवर फुकट बघता येतात. तक्ते जोडले की इंजिन दहा चाली आधीच ओळखतं की या मारामारीनंतर बरोबरी आहे.

दुसऱ्या प्रकारचं इंजिन, लीला, हेही जमलं तर बघा. त्याची शोधायची पद्धत वेगळी असल्याने बंद, दाटलेल्या स्थितीत ते निराळी चाल सुचवतं आणि दोघांचं जिथे जुळत नाही तिथे थांबून बघण्यासारखं काहीतरी असतं. त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. काकांच्या लॅपटॉपला ते नाही, म्हणून अवघड स्थिती मी घरी आणून लावतो.

एवढं करूनही अडलं आणि कोणाला विचारायचं असेल तर नुसता आकडा पाठवू नका. पीजीएन, इंजिनचं नाव आणि आवृत्ती, थ्रेड्स, हॅश, नोड्सचा वेग आणि किती वेळ दिला, हे सहाही एका ओळीत लिहा. काकांनी आपल्या वहीत त्यासाठी आता रकानेच आखलेत, आणि शेवटचा रकाना स्वतःच्या मताचा आहे, जो ते इंजिन सुरू करण्याआधी भरतात.

हत्तीची ती चाल त्यांनी मंगळवारी पाठवली. समोरच्याकडे अजून एकोणीस दिवस आहेत.